आबांच्या औषधांची पेटी: एका घरातली उरलेली औषधं कशी मार्गी लागली

पार्श्वभूमी

अमळनेर तालुक्याच्या बाजूचं, तापीपासून फार लांब नसलेलं एक गाव. गावाचं नाव, घरातल्यांची नावं, हॉस्पिटल सगळं गाळलंय आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, बाकी जे घडलं ते तसंच. मी तालुक्याला मेडिकल चालवतो, या घराची शुगर-बीपीची औषधं बरीच वर्षं माझ्याच काउंटरवरून जायची, कॅन्सरची तेवढी जळगावहून यायची.

घरात आबा, माय, थोरला मुलगा (कपाशी आणि थोडी केळी), त्याची बायको म्हणजे वहिनी, त्यांची दोन लेकरं, मोठी चौथीत आणि धाकटा चार वर्षांचा. आबांचा धाकला मुलगा पुण्यात नोकरीला. आबांना शुगर जुनी, बीपी होतंच, दमाही होता, आणि जन्मभर तंबाखू, तर शेवटी तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) दिले, काही महिने बरे गेले मग पुन्हा गाठ आली. त्यानंतर डॉक्टरांनी गोळ्यांवर ठेवलं, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब रोज, सोबत दुखण्यासाठी आधी ट्रॅमाडॉल मग मॉर्फिन. गिळणं बंद झालं तेव्हा नाकातून नळी, आणि दुखण्याला अंगावर चिकटवायचे फेंटानिलचे पॅच, दर तीन दिवसांनी एक बदलायचा.

आबा उन्हाळ्यात गेले. गंधमुक्ती होईपर्यंत घर भरलेलं, रोज कोणी ना कोणी दारावर म्हणजे सांत्वनाला येतंय, आल्यागेल्याला चहा-पाणी, लेकरं कुठं आहेत कोणाच्या लक्षात नाही. आणि या सगळ्या काळात औषधं जिथं होती तिथंच होती, ओसरीवरच्या पत्र्याच्या पेटीत, कडी-कुलूप काही नाही. काही माठाच्या शेजारच्या फडताळात, इन्सुलिन फ्रिजच्या दारात कोथिंबिरीच्या जुडीमागे.

अडचण काय होती

सगळं सुरू झालं ते धाकट्याच्या ट्रॅक्टरवरून. खेळण्यातला लाल ट्रॅक्टर, त्याच्या बॉनेटवर पोराने एक चौकोनी पारदर्शक पट्टी चिकटवलेली, कोपरे नीट दाबून, जशी आजोबांच्या पाठीवर मायने दाबलेली बघितली होती तशीच. वहिनीला आधी वाटलं सेलोटेप आहे. जवळ घेऊन बघितलं तर त्यावर बारीक अक्षरात औषधाचं नाव आणि मायक्रोग्रॅम लिहिलेलं. वापरून झालेला पॅच, न्हाणीजवळच्या बादलीत टाकलेला, तिथून पोराने काढला. नशीब की ट्रॅक्टरवर लावला, स्वतःच्या हातावर किंवा तोंडात नाही.

हे इथं थोडं सविस्तर सांगतो कारण लोकांना वाटतं वापरला म्हणजे संपला. तसं नसतं. तीन दिवस अंगावर राहून काढलेल्या पॅचमध्ये सुद्धा बरंच औषध शिल्लक असतं, आजोबांच्या दुखण्याला सरावलेल्या शरीरासाठी ते काहीच नाही पण चार वर्षांच्या पोराचा श्वास थांबवायला तेवढं पुरेसं होऊ शकतं. शिवाय उष्णतेने पॅचमधून औषध जास्त वेगाने अंगात जातं, आणि आपल्याकडचा मे महिना काय असतो ते सांगायला नको.

वहिनीने मला फोन केला, आवाज कापत होता. पोरगा खेळतोय, नीट बोलतोय, झोपाळलेला नाही, श्वास नेहमीसारखा, हे आधी विचारून घेतलं, साबणाने नाही साध्या पाण्याने हात धुवायला सांगितलं आणि काहीही वेगळं वाटलं, गुंगी, ओठ निळसर, तर १०८ लावा म्हटलं. मग म्हटलं पेटीचे फोटो पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटोंची रांगच आली.

पेटीत काय निघालं ते असं. न उघडलेले फेंटानिलचे तीन पॅच. मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या दोन स्ट्रिपा, एक अर्धी. ट्रॅमाडॉल. मेथोट्रेक्सेट एक स्ट्रिप पूर्ण एक तुटकी, सेलेकॉक्सिब भरपूर. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ॲम्लोडिपिन हे शुगर-बीपीचं तर महिनाभराचं, काही एक्स्पायरी झालेलं काही चांगलं. दोन इन्हेलर. इन्सुलिनचं पेन आणि सुया, वापरलेल्या सुया एका बिस्किटाच्या प्लास्टिक पुड्यात कोंबलेल्या, दोन-तीन आरपार बाहेर आलेल्या. डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे दुखण्याच्या, इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या. अर्धवट सोडलेला अँटिबायोटिकचा कोर्स. लेकरांची सिरपं, त्यातलं एक तर पाणी घालून बनवायचं असतं ते, बाटलीत घट्ट पिवळा गाळ बसलेला. ओआरएस, इसबगोल, कॅल्शियम, तीन वेगवेगळे बाम.

म्हणजे एकाच पेटीत मुलाचा जीव घेऊ शकणारं औषध आणि इसबगोल शेजारी शेजारी. आणि घरचे विचारत होते एकच प्रश्न: "आते हाई सगळं कुठे फेकानं?"

माझ्या मते खरी गफलत त्या "सगळं"मध्ये होती. सगळ्याला एकच जागा शोधत बसलं की जागा सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून पेटी महिनोन्महिने ओसरीवर राहते.

समोर आलेले पर्याय

घरात सल्ला देणारे कमी नव्हते. एकेक पर्याय कसा पुढे आला आणि का गळाला ते लिहितो.

जाळायचं. हे तात्यांचं म्हणणं, आबांचे धाकटे भाऊ. "उकिरडावर न्या नि जाळी टाका, कटकट मिटी जाई." आणि ते नुसते बोलले नाहीत, मी सांगेपर्यंत एका पिशवीतली जुनी औषधं त्यांनी केळीच्या वाळलेल्या पानांबरोबर पेटवूनही टाकली होती, त्यात तिसरा एक इन्हेलर होता तो मोठा आवाज करून फुटला, डबी उडून गोठ्याच्या पत्र्यावर आदळली. कोणाला लागलं नाही. इन्हेलरमध्ये दाबाखाली वायू भरलेला असतो, तो आगीत टाकायचा नाही की खिळ्याने भोकसायचा नाही, डबीवर छापलेलंच असतं पण वाचतो कोण. बाकी गोळ्यांच्या स्ट्रिपाही बहुतेक पीव्हीसी आणि ॲल्युमिनियमच्या, उकिरड्याच्या आगीत त्यातून निघणारा धूर विषारी असतो. आणि मेथोट्रेक्सेटसारखं औषध तर पेशी मारणारं. बायोमेडिकल वेस्टच्या, म्हणजे दवाखान्याच्या कचऱ्याच्या, २०१६ च्या नियमांत असल्या औषधांसाठी १२०० अंशांच्या वरची भट्टी सांगितलीय, उकिरड्याचं ते काम नाही.

पुरायचं किंवा नाल्यात टाकायचं. थोरल्याचा विचार होता बांधावर खड्डा करून पुरू. पण खड्डा विहिरीपासून किती लांब, पावसात काय होईल, कुत्रं उकरेल का. उकिरड्यात तर मुळीच नाही, कारण तोच उकिरडा पुढे खत होऊन शेतात जातो, अँटिबायोटिकच्या गोळ्या खतात मिसळून शेतात पसरवायच्या म्हणजे जंतूंना औषधाची सवय लावायचं काम फुकटात करणं.

कोणाला तरी द्यायचं. हा पर्याय सगळ्यात अवघड होता आणि मी सगळ्यात जास्त वेळ यावर घालवला, कारण यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पुण्याचा धाकला म्हणाला, "दादा, पॅच सीलपॅक आहेत, केवढ्याला आणले माहितीये ना, एखाद्या गरिबाच्या कामी येतील." माय तर म्हणाली, "पैसा लाग्यात ना भो, कोनले तरी कामले ई." औषध फेकायचं म्हणजे तिला अन्न फेकल्यासारखं वाटत होतं, आणि त्यात ते आबांचं. तिच्याशी एक्स्पायरीच्या तारखेवर वाद घालून उपयोग नव्हता.

पण त्याच पर्यायातून दुसरा धोका निघाला. शेजारची म्हातारी, तिला सांधेवात. तिच्या डॉक्टरने तिला जे नाव लिहून दिलं होतं तेच नाव आबांच्या स्ट्रिपवर, मेथोट्रेक्सेट. आणि हे खोटं नाही, सांधेवातात हेच औषध देतात, पण आठवड्यातून एकदाच, मधेमधे रक्त तपासून. दारावर आली तेव्हा "मना गुडघा बी दुखतस" म्हणून मायकडून तिने सेलेकॉक्सिबची आणि मेथोट्रेक्सेटची एकेक स्ट्रिप नेलेली. मेथोट्रेक्सेट कोणीही रोज एक घ्यायला लागलं तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस जातो. हे वहिनीने बोलता बोलता सहज सांगितलं, तोवर मी पॅचमध्येच अडकलेलो होतो.

तिसरा उमेदवार बैल. थोरल्याचा एक बैल लंगडत होता आणि डायक्लोफेनॅकच्या कुप्या हाताशी. इथं मी स्पष्ट नाही म्हटलं. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ पासून बंद आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांच्या किडन्या निकामी होतात, देशातली गिधाडं त्यामुळेच जवळजवळ संपली. माणसाच्या इंजेक्शनची मोठी बाटली जनावरांना वळवली जायची म्हणून २०१५ मध्ये ती ३ मिलिच्या एका डोसपुरती केली. तात्यांना आठवत होतं, लहानपणी ढोर टाकायच्या जागेवर गिधाडं दाटीने बसायची, हे ऐकल्यावर ते स्वतःच थोरल्याला म्हणाले राहू दे, जनावरांच्या डॉक्टरला बोलाव. डॉक्टरांनी मेलोक्सिकॅम दिलं, ते गिधाडांना चालतं.

मेडिकलला परत. बऱ्याच जणांना वाटतं मेडिकलवाला घेईल. न कापलेली स्ट्रिप, तारीख लांबची, बिल जवळ, आणलेल्याला फार दिवस झालेले नाहीत, तर काही दुकानदार घेतात. पण खान्देशच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत महिनाभर राहिलेली गोळी मी पुन्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकावी असं मला नाही वाटत. गोळ्यांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा लिहिलेलं असतं, आणि ओसरीवरची ती पेटी दुपारी हात लावू देत नव्हती. इन्सुलिन तर विषयच नाही, एकदा थंडीची साखळी तुटली की संपलं.

संडासात फ्लश. २०२५ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रण यंत्रणेने उरलेल्या औषधांची मार्गदर्शक सूचना काढली, त्यात १७ औषधांची यादी आहे जी उरली तर सरळ फ्लश करा म्हटलंय, फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, डायझेपाम ही त्यातलीच. कारण उघड आहे, ही चुकून दुसऱ्याच्या पोटात गेली तर एकच डोस पुरतो. धाकल्याने हे मोबाईलवर वाचून मला पाठवलं आणि म्हणाला करून टाकू का. पण शहरातलं फ्लश आणि गावातलं फ्लश यात फरक आहे. या घराच्या संडासाला शोषखड्डा, आणि हातपंप तिथून फार लांब नाही.

घंटागाडी. गावात रोजची नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत एक्स्पायरी औषधं, वापरलेल्या सुया हे घरगुती घातक कचऱ्यात धरलं होतं, आणि शहरांनी दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र करावं असं लिहिलं होतं. बायोमेडिकलच्या नियमांतही घरातून निघालेला असा कचरा वेगळ्या पिशवीत पालिकेच्या माणसाला द्यावा आणि पालिकेने तो भट्टीवाल्यांकडे पोचवावा असं आहे. कागदावर वाट आहे, गावातून तिथंपर्यंत जायचं कसं हा प्रश्न.

काय केलं

पहिलं काम, म्हातारीच्या घरी वहिनी आणि गावच्या आशा कार्यकर्त्या आशाताई दोघी गेल्या. मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप पूर्ण होती, म्हातारी लेकीला विचारून मग सुरू करणार होती. सेलेकॉक्सिबच्या दोन गोळ्या घेऊन झालेल्या, त्रास काही नाही. दोन्ही परत आणल्या. आशाताईने तिला खाली बसून समजावलं, नुसतं "घेऊ नका" म्हणून तिने ऐकलं नसतं, तिचंच डॉक्टरचं कार्ड काढून "आठवड्यातून १" हे बोटाने दाखवलं.

मग फोनवरून वहिनीला पेटीतलं सगळं जमिनीवर चादर अंथरून काढायला लावलं, लेकरं शेजारी पाठवून. हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालायला सांगितल्या कारण मेथोट्रेक्सेटच्या सुट्या गोळ्या होत्या, त्यांना उघड्या हाताने चोळायचं नाही. तीन ढीग.

पहिला ढीग, आजच्या आज घराबाहेर जायला हवा असा: पॅच, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल. वापरलेले पॅच बादलीतून शोधले, अंगण झाडलं, न्हाणीमागे एक आणि पलंगाखाली एक सापडला. प्रत्येक पॅच चिकट बाजू आत करून अर्धा दुमडायचा, एवढं सांगितलं. दुमडला की तो स्वतःलाच चिकटतो, पुन्हा उघडत नाही.

फ्लश की हॉस्पिटल, इथं निर्णय घ्यावा लागला. माझं म्हणणं असं पडलं: मॉर्फिन ज्या दवाखान्याच्या वेदना विभागाने नोंद करून दिलंय त्यांना परत घेण्याची सवय असते, रजिस्टरला चढवून ते नष्ट करतात, त्यामुळे आधी तिथं. धाकला दुसऱ्या दिवशी पुण्याला निघणारच होता, जळगाववरून जायला सांगितलं. पण रात्रीपुरतं काय? कुलूप लावलेल्या कपाटात, आणि किल्ली मायच्या कमरेला. जर जळगावला जाणारं कोणी नसतं, तर मी शोषखड्ड्याची पर्वा न करता फ्लशच करायला लावलं असतं. तीन पॅच आणि पंचवीसेक गोळ्यांनी हातपंपाला जो धोका, तो घरात चार वर्षांचं पोरगं असताना ते ठेवण्याच्या धोक्यापुढे काहीच नाही. यावर माझं मत आजही तेच आहे. बाकी सगळ्या गोळ्या मात्र फ्लश करायच्या नाहीत, ती सूट त्या यादीपुरतीच.

दुसरा ढीग: मेथोट्रेक्सेट, सुया, इंजेक्शनच्या कुप्या, इन्हेलर. सुयांसाठी फिनाईलची रिकामी जाड बाटली, टोपण परत घालायचा प्रयत्न न करता सुई सरळ आत, बाटली पाऊण भरली की झाकण टेपने बंद. बिस्किटाच्या पुड्यातल्या सुया पकडीने उचलल्या.

तिसरा ढीग: शुगर-बीपीच्या गोळ्या, अँटिबायोटिक, सेलेकॉक्सिब, सिरप, बाम. आणि यातून वेगळं काढलं ते ओआरएस, इसबगोल, कॅल्शियम, त्याचा सहसा धोका नसतो, घरात वापरा नाहीतर साध्या कचऱ्यात टाका. उगाच सगळ्याच गोष्टींची भीती घातली की माणूस घाबरायच्या गोष्टीलाही घाबरत नाही.

धाकला जळगावला गेला. सोबत आबांची जुनी चिठ्ठी आणि मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स घ्यायला सांगितलेलं, कारण मॉर्फिन घेऊन फिरताना कोणी विचारलं तर कागद हवा. काउंटरवर आधी "आम्ही परत घेत नाही, बिलिंगला विचारा" झालं. तो चिडला, परत निघाला होता. मी फोनवर म्हटलं बिलिंगला जाऊ नको, आबांना जिथं मॉर्फिन लिहून द्यायचे त्या सिस्टरला भेट. तिने ओळखलं, पॅच आणि गोळ्या मोजून घेतल्या, रजिस्टरला लिहिलं, त्याची सही घेतली. मेथोट्रेक्सेटही त्यांच्या कॅन्सर वॉर्डाच्या वेगळ्या पिवळ्या (भट्टीत जाळायच्या कचऱ्याच्या) पिशवीत गेलं.

तिथं त्याने विचारलंच, हे सीलपॅक पॅच दुसऱ्या पेशंटला द्याल ना? सिस्टर नाही म्हणाली, नष्टच होणार. त्याला ते लागलं. मला त्याने संध्याकाळी फोन करून विचारलं की ही कसली पद्धत. मी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या नियमांतही पेशंटच्या घरी जाऊन परत आलेलं औषध दान म्हणून चालत नाही, कारण मधल्या काळात ते कुठं कसं ठेवलं होतं याची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि पत्र्याच्या पेटीची हमी तर मी पण देणार नाही. पटलं असं नाही म्हणणार, पण तो गप्प बसला.

सुयांची बाटली, कुप्या, इन्हेलर आणि तिसऱ्या ढिगातल्या गोळ्या आशाताईने प्राथमिक आरोग्य केंद्रात नेल्या. तिथल्या डॉक्टरांनी सुया लगेच घेतल्या, गोळ्यांवर थोडं का-कू केलं, त्यांची पिवळी पिशवी वजनावर पैसे भरून जाते आणि हे त्यांच्या पेशंटचं नाही. शेवटी घेतल्या, पण स्ट्रिपा तशाच आणा, गोळ्या काढून आणू नका आणि पुन्हा पोतं भरून आणू नका असं सांगून. सिरप कोणी घेतलं नाही. ती वहिनीने एका डब्यात शेण आणि राखेत कालवली, कोणी चाटू नये असं बेकार दिसेल इतपत, डबा टेपने बंद केला आणि थोरला बाजाराला अमळनेरला गेला तेव्हा तिथल्या घंटागाडीवाल्याला वेगळं सांगून दिला. घंटागाडीवाल्याने तो नेमका कुठे टाकला हे मी सांगू शकत नाही. गावाबाहेरच्या नाल्यापेक्षा बरं, एवढंच.

बाटल्यांवरची आणि पाकिटांवरची आबांच्या नावाची लेबलं मायने स्वतः फाडली. ते कोणी सांगितलं नव्हतं.

निकाल

पोरगा ठीक आहे. पेटी रिकामी होऊन आता तिच्यात बियाण्याच्या पिशव्या असतात. शेजारच्या म्हातारीचं औषध तिच्याच डॉक्टरकडून चालू आहे. तात्यांनी जाळलेल्या पिशवीत नेमकं काय होतं ते मात्र कोणालाच नीट आठवत नाही, राखेतून दोन वितळलेल्या स्ट्रिपा आणि इन्हेलरचा तुकडा निघाला, थोरल्याने तो भाग खत म्हणून वापरायचा नाही असं ठरवलं.

केरळमध्ये २०२५ मध्ये कोझिकोडमधून सरकारनेच घरातली उरलेली औषधं गोळा करायला सुरुवात केली, पेट्या ठेवून आणि घरोघर जाऊन. आपल्याकडे तालुक्याला तशी एक पेटी असती तर या प्रकरणातला निम्मा वेळ वाचला असता. आशाताईने ग्रामसभेत विषय काढलाय, ग्रामपंचायत म्हणते गाडी कोण पाठवणार, आरोग्य केंद्र म्हणते वजनाचे पैसे कोण देणार.

वेगळं काय करता आलं असतं

पॅच सुरू केले त्याच दिवशी हॉस्पिटलने एक वाक्य सांगायला हवं होतं: काढलेला पॅच दुमडा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, डबा पुढच्या भेटीला घेऊन या. मायला लावायचं कसं ते छान शिकवलं होतं, काढल्यावर काय, हे कोणी बोललंच नाही. मी बोललेल्या बऱ्याच घरांत हीच गोष्ट राहून जाते.

शेवटच्या काही आठवड्यांत औषध थोडं थोडं आणायला हवं. प्रवास लांबचा म्हणून घरचे एकदम महिन्याचं आणतात, त्यात त्यांची चूक नाही, पण डोस दर आठवड्याला बदलत असताना महिन्याचं आणलेलं बरंचसं उरतंच. शुगर-बीपीचं तर जवळच्या मेडिकलवरून दहा दिवसांचं कापून घेता येतं.

दारावर लोक यायला लागायच्या आधी पेटी कुलुपात. हे सुचणं अवघड आहे, घरात मयत झालेलं असताना गोळ्यांचा विचार कोण करणार, म्हणून हे काम घरच्यांचं नाही तर शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाचं किंवा आशाताईचं धरायला हवं. आमच्या आशाताईने आता तेच धरलंय, दारावर गेली की चहा घेता घेता विचारते, औषधं कुठं ठेवलीत माय.

आणि मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध रोजच्या गोळ्यांच्याच स्ट्रिपसारखं दिसतं, त्याच डब्यात पडतं. माझ्या दुकानातून जाणाऱ्या त्याच्या प्रत्येक स्ट्रिपवर मी आता काळ्या मार्करने वार लिहून देतो, सोमवार म्हणजे सोमवार, आणि मागे पेशंटचं नाव, म्हणजे ती दुसऱ्याच्या घरात सापडली तर निदान कोणाची ते कळेल.